आजोबांची गिरणी, आकाशातून

रविवारी दुपारी लालबागच्या आमच्या खोलीत लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, ‘आजोबा, या, तुमची गिरणी दाखवते.’ गूगल अर्थवर परळला झूम केलं आणि वर्षांची पट्टी थेट मागे ओढली. पडद्यावर लांबलचक, पट्ट्यापट्ट्यांची छपरं!

आजोबांनी चष्मा पुसला. ‘करवतीसारखी छपरं ही. काचा उत्तरेकडे. साच्यावर उजेड यायचा, ऊन नाही. हे बघ, इथं आमचं साचेखातं. इथं गेट.’

पट्टी पुढे सरकवली. छपरं गेली, खड्डा आला, मग टॉवरची लांब सावली. वीसेक वर्षं, दहा सेकंदांत खल्लास!

तुम्ही-आम्ही रोज कानात इयरफोन घालून ज्या लोअर परळला उतरतो, तिथलीच ही गोष्ट. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे भोंगे थांबले आणि उरली ती जमीन, सुमारे ६०० एकर. १९९१ च्या नियमानुसार जुनी बांधकामं पाडून नवा विकास करायचा, तर ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन बागा-मैदानांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला मिळायची. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती ठेवली. ज्या जमिनीवर छपरं होती, ती हिशेबातून वजा! मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही दुरुस्ती कायम ठेवली.

म्हणजे सगळा खेळ ‘छप्पर की मोकळी जागा’ या एका प्रश्नाचा. आणि उपग्रह नेमकं हेच सांगतो. झाडांची पानं इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत फेकतात, सिमेंट-पत्रा तितका नाही. त्यावरून हिरवं कुठे, बांधलेलं कुठे, याचा नकाशा बनतो. लँडसॅटचे जुने फोटो २००८ पासून फुकट मिळतात. मात्र त्यातला एक ठिपका ३० मीटर बाय ३० मीटरचा. त्यात आमची अख्खी चाळ शेजारच्या रस्त्यासकट विरघळून जाते. टॉवर आणि चाळ वेगळे ओळखायला जास्त बारकाईचे फोटो लागतात.

पण कितीही झूम करा, उपग्रहाला छप्पर दिसतं, छपराखालचं दिसत नाही. तिथे साचे चालतात की सेल लागलाय, हे जमिनीवरच्या माणसालाच विचारावं लागतं. फिनिक्स मिलमध्ये कापड विणलं जायचं, तिथल्या मॉलमध्ये आता आपण ते विकत घेतो. वरून दोन्ही ‘बांधलेलं’च.

या वीकेंडला एक करा. तुमच्या ऑफिसवर झूम करा, पट्टी मागे ओढा आणि शेजारी घरातलं एखादं जुनं माणूस बसवा. फोटोत नसलेलं बरंच काही कळेल.

लॅपटॉप मिटत होते, तेवढ्यात आजोबा म्हणाले, ‘थांब गं. परत मागं ने.’