शिक्का बघू नका, शिक्क्याखालचा नंबर बघा!



२०२२ च्या लग्नसराईतली गोष्ट. माझ्या भांड्यांच्या दुकानात एका डीलरने कुकर आणले. नगामागे दोनशे रुपये स्वस्त, वर आयएसआयचा शिक्का. मी बिनधास्त २४ नग उतरवून घेतले.

चार दिवसांनी एक काकू आल्या. कुकर उलटा करून म्हणाल्या, "दादा, हा नंबर मोबाइलवर टाकून बघा बरं." टाकला. लायसन्स निघालं बाटलीबंद पाणी भरणाऱ्या कोणाचं तरी! कुकर तसेच खाली उतरवले. डीलरने फोन उचलणं बंद केलं. पैसे गेले ते गेलेच.

थर्ड पार्टी म्हणजे कोण?

बनवणारा म्हणतो, "माझा माल एक नंबर." तो पहिला. घेणारा स्वतः तपासून घेतो, तो दुसरा. ज्याचा त्या विक्रीत नफा-तोटा नाही आणि जो ठरलेल्या मानकावर माल तपासतो, तो तिसरा. आयएसआयच्या बाबतीत हा तिसरा म्हणजे भारतीय मानक ब्युरो, आपलं बीआयएस.

काम कसं चालतं?

प्रत्येक वस्तूचं मानक ठरलेलं असतं. घरगुती कुकरचं आयएस २३४७. कारखानदार अर्ज करतो, अधिकारी कारखाना बघतात, नमुना लॅबमध्ये जातो. पास झाला की लायसन्स. पण तिथे विषय संपत नाही. नंतरही कारखान्यातून आणि बाजारातून नमुने उचलून तपासतात. म्हणजे बीआयएस एकेक कुकर तपासत नाही; कारखानदारावर सतत लक्ष ठेवतं.

आपल्याला काय त्याचं?

कुकर, खेळणी अशा बऱ्याच वस्तूंना हा शिक्का सक्तीचा आहे. खेळण्यांना तर १ जानेवारी २०२१ पासून. आणि कायदा फक्त कारखानदाराला धरत नाही. बिनशिक्क्याचा असा माल विकणं तर सोडाच, विकायला साठवणं आणि मांडणंही गुन्हा आहे. "मला डीलरने दिला" हे उत्तर चालत नाही. आणि उद्या कुणाच्या स्वयंपाकघरात कुकर फुटला, तर ते घर आधी तुमच्याच दारात येणार ना?

इथे गल्लत करू नका

एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर म्हणजे खाद्यपदार्थाच्या धंद्याची परवानगी. पदार्थ उत्तम असल्याचं सर्टिफिकेट नव्हे. आयएसओ ९००१ कंपनीच्या कामाच्या पद्धतीला मिळतं, वस्तूला नाही. मसाला, मध, तूप अशा शेतमालाच्या प्रतीसाठी अॅगमार्क वेगळा.

माल घेताना तीन गोष्टी

१. शिक्क्याच्या वर मानकाचा नंबर आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा लायसन्स नंबर आहे का बघा. दोन्ही हवेत.
२. तो नंबर 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाका. कंपनी, वस्तू आणि लायसन्स चालू आहे की नाही, तिन्ही जुळलं पाहिजे.
३. पक्कं बिल घ्या. बिल नसेल तर डीलरला धरणार कशावर?

याला दोन मिनिटं लागतात. मी आता डीलरच्या समोरच नंबर टाकतो. खरा माल असलेला डीलर थांबतो. ज्याला घाई असते, त्याला मी चहा पाजून परत पाठवतो.

आज दुकानात गेलात की आधी स्वतःच्याच रॅकवरचे पाच नंबर तपासा.