कुंपणापलीकडचा घास

पनवेलहून गोव्याच्या महामार्गाला लागलेल्या प्रवाशाला कर्नाळ्याचा सुळका दुरूनच दिसू लागतो. अंगठ्यासारखा उभा असलेला तो कातळ इतका समोर भासतो की, सरळ चालत गेल्यास आपण त्याच्या पायथ्याशी पोहोचू असे वाटावे. प्रत्यक्षात पक्षी अभयारण्यातून किल्ल्याकडे जाणारी वाट जंगलात वळणे घेत चढते आणि गर्द झाडीत सुळका दृष्टीआड होतो. ध्येयाकडे नेणारी वाट काही काळ ध्येयापासून दूर नेते, हे येथे चालणाऱ्याला आपोआप कळते. हाच धडा या परिसरातील एखाद्या घराच्या अंगणात, पाळीव कुत्र्याकडे थोडा वेळ लक्षपूर्वक पाहिले तरी मिळतो.

भाकरीचा तुकडा कुंपणापलीकडे दूरवर फेकला गेला, तर कुत्रा क्षणभर थबकतो, पाठ फिरवतो आणि वळसा घालून तेथे पोहोचतो. तोच तुकडा कुंपणाला लागून, अगदी नाकासमोर पडला, तर मात्र तोच कुत्रा जाळीला नाक लावून उभा राहतो, पंजाने माती उकरतो, कण्हतो. पण जागचा हलत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोलर यांनी टेनेरिफ बेटावर प्राण्यांच्या बुद्धीचा अभ्यास करताना नेमके हेच टिपले आणि १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदवले. कुत्रीची बुद्धी दोन्ही वेळी तीच होती. घास फार जवळ आल्यामुळे तिला त्याच्याकडे पाठ फिरवता येईना.

व्यापारी माणसाला हे दृश्य अपरिचित नाही. एखादी उधारी थकते आणि पेढीचे सारे लक्ष तिच्याभोवती घुटमळू लागते. रोज त्याच दारात तगादा, रोज त्याच वहीचे पान. तेवढ्यात गल्ल्यासमोर उभे असलेले रोकडीचे गिऱ्हाईक परत जाते. रक्कम सोडून द्यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु दोन दिवस ते पान मिटून ठेवले, तर हप्ते बांधून देणे, मालाच्या रूपाने वसुली करणे किंवा दोघांच्या विश्वासातील मध्यस्थ शोधणे, अशा बाजूच्या वाटा दिसू लागतात.

दुसरी अडचण जुन्या वाटेच्या सवयीची असते. बुडापेस्ट येथील संशोधक पेटर पोंग्राट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंपणाचा हाच प्रश्न कुत्र्यांपुढे पद्धतशीरपणे मांडला. कुंपणातील दार आधी उघडे ठेवले आणि नंतर बंद केले, तेव्हा कुत्री त्या बंद दारापाशीच घोटाळत राहिली. एकदा त्या मार्गाने घास मिळाला होता, हेच त्यांच्या आड आले. मात्र एखादा माणूस त्यांच्या देखत कुंपणाला वळसा घालून गेला, तर त्यांनीही जुने दार सोडून नवी वाट धरली.

बंद दार म्हणजे काय, हे पनवेलच्या बाजारपेठेने पूर्वी अनुभवले आहे. एके काळी मुंबईहून पुण्याकडे जाणारा माल होड्यांनी पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून बोरघाटाच्या रस्त्याने वर चढे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली. ती कल्याण-कर्जतमार्गे जात असल्याने मुंबई-पुण्याच्या वाहतुकीला पनवेलची गरज पूर्वीसारखी उरली नाही. धक्क्यावर उभे राहून गाड्यांची वाट पाहणाऱ्याचे कष्ट कमी नव्हते. दार बंद झाले होते. आज महामार्ग, नवे पूल आणि ऑनलाइन खरेदी यांमुळे गिऱ्हाइकाच्या वाटा पुन्हा बदलत आहेत. जेथे वडिलांनी नाव कमावले तेथेच बसून राहणे ही निष्ठा वाटते. पण त्या दारातून घास येतो आहे का, हे दर दिवाळीला वह्या उघडताना प्रामाणिकपणे तपासले पाहिजे. शेजारचा दुकानदार कोणत्या वळणाने गेला, हे पाहून शिकण्यात कमीपणा नाही.

तिसरा धडा घरातील वडीलधाऱ्यांसाठी आहे. हंगेरीतीलच योझेफ टोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुंपणाच्या पलीकडे अन्नाची भांडी ठेवली होती. त्यांच्या मुठी ओढल्या की अन्न हाती येत असे. अंगणात राहणाऱ्या कुत्र्यांनी हे काम धीटपणे केले. घरात कुटुंबासोबत लाडाने वाढलेली कुत्री मात्र मालकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्यांची बुद्धी कमी होती असे म्हणावे, तर मालकाने उत्तेजनाचे शब्द उच्चारताच दोन्हींतील फरक नाहीसा झाला. ती अनुज्ञेची वाट पाहत होती.

पेढीवर वाढलेल्या मुलांचे असेच होत नाही ना? मुलगा शिकतो, हिशेब जाणतो, बाजार ओळखतो. पण प्रत्येक सौद्याआधी त्याची नजर वडिलांकडे वळते. वडील ती आज्ञाधारकता समजतात आणि त्याच वेळी ‘हा स्वतःहून काही करत नाही’ अशी तक्रारही करतात. पुढे वडिलांचा हात सुटतो, तेव्हा मुलगा चाळिशीचा असतो आणि एकट्याने घेतलेला एकही निर्णय त्याच्या गाठीशी नसतो. अनेक जुन्या पेढ्या भांडवलाअभावी बंद पडत नाहीत. उशिरा मिळालेल्या मोकळिकीने पडतात.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. वर्षाची एखादी छोटी खरेदी, एखादे नवे गिऱ्हाईक किंवा एखाद्या मालाचा भाव पूर्णपणे मुलाच्या किंवा मुलीच्या हाती सोपवावा. नुकसानीची मर्यादा आधीच ठरवावी आणि मध्येच हात घालू नये. विचारले तर सल्ला द्यावा; न विचारता ‘कर, तुला जमेल’ एवढेच म्हणावे.