‘सगळं’ म्हणजे एक हजार

रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या एखाद्या गटातल्या पोस्ट उतरवून घ्यायला पायथनच्या पाच-सहा ओळी पुरतात. ‘प्रॉ’ नावाचं मोफत पॅकेज इन्स्टॉल करायचं, आपल्या प्रोग्रामसाठी रेडिटकडून ‘की’ (प्रवेशाची किल्ली) घ्यायची, गटाचं नाव द्यायचं आणि किती पोस्ट हव्यात ते ‘लिमिट’समोर लिहायचं. तिथे आकड्याऐवजी ‘नन’ लिहिलं की मर्यादा उठते, असा सर्रास समज आहे. प्रोग्राम चालतो, थोड्या वेळात थांबतो, एररही येत नाही. फाइल उघडून ओळी मोजल्या की हजारच्या आसपास भरतात. गट पाच वर्षांचा असो की पंधरा, आकडा त्यापुढे सरकत नाही. आणि मग अशाच फाइलच्या भरवशावर प्रकल्पाच्या अहवालात ‘गटातल्या सर्व पोस्टचा अभ्यास केला’ हे वाक्य येऊन बसतं.

या ‘नन’चा अर्थ एवढाच की माझ्याकडून मर्यादा नाही. सर्व्हरची मर्यादा आहे तिथेच राहते. रेडिट एका विनंतीला जास्तीत जास्त १०० नोंदी देतं आणि ‘नवीन’, ‘गाजलेल्या’ वगैरे प्रत्येक यादीत साधारण १,००० नोंदीच ठेवतं. दहा खेपा झाल्या की यादी संपते. प्रोग्रामच्या दृष्टीने सगळं आलेलं असतं, म्हणून तो तक्रार करत नाही. प्रॉच्या माहितीपत्रकात ही गोष्ट लिहिलेली आहे. पण माहितीपत्रक एरर आल्यावर उघडायचं असतं, अशी आपल्याकडची रीत.

यावर एक तोड सगळ्यांना सुचते. ‘नवीन’ची हजार घ्यायची, ‘सर्वाधिक पसंतीच्या’ची हजार घ्यायची, त्यातच गेल्या वर्षाची आणि गेल्या महिन्याची वेगळी घ्यायची, सगळं एकत्र करून दुबार नोंदी काढून टाकायच्या. आकडा फुगतो खरा. पण त्यात भर पडते ती मतं मिळवलेल्या पोस्टची. कुणी ढुंकूनही न पाहिलेला जुना प्रश्न अशा गोळाबेरजेत येत नाही. मग त्या ढिगावरून ‘या गटात लोक विनोद आणि राजकारणच बोलतात’ असा निष्कर्ष निघतो. तो गटाबद्दल कमी आणि याद्यांबद्दल जास्त सांगतो.

दुसरा गैरसमज पानांचा आहे. पहिलं पान आणलं, दुसरं आणलं, तिसरं आणलं, की ओळीने सगळं हाती आलं, असं वाटतं. पुस्तकात ते खरं आहे, चालू चर्चेत नाही. समजा नव्यापासून जुन्याकडे जाणाऱ्या यादीतल्या १ ते १०० क्रमांकाच्या पोस्ट आणल्या. दुसरी विनंती जायच्या आत वर तीन नव्या पोस्ट आल्या. आता आधीच्या ९८, ९९ आणि १०० खाली सरकून दुसऱ्या पानावर पुन्हा भेटतात. याने फारसं बिघडत नाही, दुबार नोंदी सापडतात. पण त्या मधल्या वेळात पहिल्या पानावरच्या तीन पोस्ट कुणी उडवल्या असतील तर १०१, १०२ आणि १०३ वर चढून पहिल्या पानावर जातात, आणि ते पान तर आपण आणून ठेवलेलं असतं. या तीन पोस्ट कधीच दिसत नाहीत, आणि दिसल्या नाहीत हेही कळत नाही.

म्हणून रेडिट पानाचा क्रमांक मागतच नाही. ‘अमुक पोस्टच्या नंतरचं दे’ असं सांगावं लागतं. खूण पोस्टला चिकटलेली असते, त्यामुळे वर किती भर पडली याने फरक पडत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रश्नोत्तरांची साइट ज्या स्टॅक एक्स्चेंज समूहातली आहे, त्याचं एपीआय (प्रोग्रामने माहिती मागण्याची खिडकी) मात्र पानांच्या क्रमांकावर चालतं. तिथे शहाणपणा असा की सुरुवातीची आणि शेवटची तारीख बांधून घ्यायची आणि जुन्यापासून नव्याकडे यायचं. मग नवी भर त्या चौकटीबाहेर पडते. उडवलेल्या पोस्टचा धोका तेवढा उरतो.

वेगाबद्दल थोडक्यात. चार संगणक लावले, वीस थ्रेड सोडले, की काम चौपट-वीसपट लवकर, हा हिशेब इथे लागू नाही. मर्यादा किल्लीला किंवा आयपी पत्त्याला असते, थ्रेडला नसते. रेडिटने २०२३मध्ये मोफत वापराची कमाल ठरवली ती नोंदणीकृत प्रोग्रामला मिनिटाला १०० विनंत्या. स्टॅक एक्स्चेंज की असेल तर दिवसाला १०,००० विनंत्या देतं, नसेल तर ३००. शिवाय कधीकधी उत्तरासोबत ‘इतके सेकंद थांबा’ असा निरोप पाठवतं, आणि तो पाळायचा असतो. रेडिटकडे उगाच रेटलं की ४२९ हा कोड परत येतो, म्हणजे ‘फार विनंत्या झाल्या’. प्रॉ हे थांबणं आपलं आपण सांभाळतं. प्रोग्राम अडकला असं समजून तो मध्येच बंद करणारे पुष्कळ भेटतात. तो बिचारा नियमाने उभा असतो.

वेळ खरा वाचतो तो गठ्ठ्याने मागण्यात. स्टॅक ओव्हरफ्लोच्या ५,००० प्रश्नांचे क्रमांक हातात आहेत असं धरू. एकेक मागितला तर दिवसाचा निम्मा कोटा संपला. तेच एपीआय एका विनंतीत अर्धविरामाने जोडलेले १०० क्रमांक घेतं, म्हणजे ५० विनंत्यांत काम आटोपतं. रेडिटलाही एका दमात १०० ओळखक्रमांक देता येतात. उलट प्रॉमध्ये एक छुपा खर्च आहे. नुसत्या क्रमांकावरून पोस्टची वस्तू (ऑब्जेक्ट) तयार केली की ती आधी रिकामीच असते. तिचं शीर्षक किंवा मजकूर विचारला की त्या क्षणी मागच्या मागे एक विनंती जाते. साध्या दिसणाऱ्या लूपमध्ये हजार पोस्टची शीर्षकं छापली, तर हजार विनंत्या गेल्या.

प्रतिक्रियांचं तर आणखी वेगळं. पोस्ट आणली म्हणजे तिच्याखालच्या प्रतिक्रिया आल्या, असं नसतं. मोठ्या चर्चेत वरच्या काही प्रतिक्रिया येतात आणि बाकीच्यांच्या जागी ‘आणखी पाहा’ अशा बंद फांद्या येतात. प्रॉ त्या फांद्या उघडून देतं, पण सांगितलं तरच, आणि न बदललेल्या सेटिंगमध्ये फक्त ३२ उघडतं. साधारणपणे एका फांदीला एक विनंती. हजारो प्रतिक्रियांची एक चर्चा उतरवायला शंभर साध्या पोस्टपेक्षा जास्त वेळ लागतो तो यामुळे.

‘एवढी यातायात कशाला, तयार साठा आहेच की’ असं यावर कुणीतरी म्हणतंच. रेडिटपुरता असा सर्वांत नावाजलेला साठा म्हणजे पुशशिफ्ट. जेसन बॉमगार्टनर यांनी तो २०१५मध्ये सुरू केला, आणि समाजशास्त्रापासून भाषाशास्त्रापर्यंत असंख्य अभ्यास त्यावर उभे राहिले. तो परिपूर्ण आहे असं धरून चालण्याची सवयही पडली. २०१८मध्ये डेव्हिन गॅफनी आणि नेथन मटायस यांनी ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात दाखवून दिलं की या साठ्यात मोठी छिद्रं आहेत. त्यांची युक्ती पाहण्यासारखी आहे. रेडिट प्रत्येक पोस्टला आणि प्रतिक्रियेला ओळीने क्रमांक देतं, फक्त तो दशमान पद्धतीत न लिहिता शून्य ते नऊ अंक आणि रोमन वर्णमालेतली सव्वीस अक्षरं मिळून छत्तीस चिन्हांत लिहितं. क्रमांक ओळीने असल्यामुळे मधला गाळलेला क्रमांक उघडा पडतो. शिवाय काही प्रतिक्रिया अशा होत्या की त्या ज्या पोस्टला उत्तर म्हणून लिहिल्या, ती पोस्टच साठ्यात नव्हती. गाळलेल्या नोंदींनी सरासरीला फार धक्का लागत नाही. पण एकाच माणसाने वर्षभरात काय काय लिहिलं, किंवा कोण कोणाला उत्तर देतं याचं जाळं काढायचं असेल, तर चार गाठी निसटल्या तरी चित्र बदलतं. हा दोष साठ्याचा असला तरी त्यातून निघालेली एक तपासणी आपल्या फाइललाही लावता येते: ज्यांचा मूळ धागाच नाही अशी उत्तरं मोजावीत.

त्याच साठ्यातली दुसरी मेख गुणांची, म्हणजे पोस्टला पडलेल्या मतांच्या हिशेबाची. पुशशिफ्ट पोस्ट टाकल्यावर लगेच तिची नक्कल करून घेई, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी गुण म्हणून १ दिसतो. नंतर त्या पोस्टला हजार मतं पडली असली तरी नोंदीत ती नसतात. ‘या विषयाला कुणी मत देत नाही’ असा शोध लागलाच, तर आधी नोंद कधी घेतली ते पाहावं. थेट रेडिटकडून घेतलेले गुणही पैनपै बरोबर नसतात. मतांचा गैरवापर रोखण्यासाठी ते मुद्दाम थोडे इकडेतिकडे करून दाखवले जातात.

पुढे २०२३च्या मे महिन्यात रेडिटने पुशशिफ्टचा प्रवेश तोडला, आणि नंतर तो गटांच्या व्यवस्थापकांपुरता उघडला. त्याच वर्षी १ जुलैपासून मोठ्या वापराला दर हजार विनंत्यांमागे २४ सेंट असा भाव लागला. रेडिट वाचण्याचं ‘अपोलो’ हे लोकप्रिय अ‍ॅप या भावामुळे आदल्याच दिवशी बंद झालं. एपीआय म्हणजे सार्वजनिक रस्ता आहे, ही समजूत तिथे संपायला हवी होती.

कायद्याबद्दलची समजूतही अशीच एका बातमीवर टेकलेली असते: ‘अमेरिकेच्या कोर्टाने सांगितलंय, जे सार्वजनिक आहे ते घ्यायला हरकत नाही.’ हा खटला हायक्यू विरुद्ध लिंक्डइन; हायक्यू ही लिंक्डइनवरच्या सार्वजनिक प्रोफाइलमधली माहिती प्रोग्रामने गोळा करणारी कंपनी. तिथल्या नवव्या सर्किट कोर्टाने २०१९मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२२मध्ये म्हटलं ते इतकंच, की सर्वांना उघडं असलेलं पान प्रोग्रामने वाचणं हे बहुधा संगणक-घुसखोरीच्या कायद्यात बसत नाही. बातमी इथे संपते, खटला संपत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खालच्या कोर्टाने हायक्यूने लिंक्डइनच्या वापराच्या अटी मोडल्याचं ठरवलं, आणि डिसेंबरमध्ये प्रकरण तडजोडीने मिटलं. आपल्याकडे तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००चं कलम ४३ आहे. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातला डेटा उतरवून घेणं किंवा त्याची नक्कल करणं त्यात स्पष्ट येतं. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती वगळली आहे. तिचा आधार घेणाऱ्यांनी ‘स्वतःहून’ हा शब्द दोनदा वाचावा. चर्चेत लोक इतरांबद्दलही पुष्कळ लिहितात.

कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न राहतोच. २०१६मध्ये डेन्मार्कच्या काही संशोधकांनी ओकेक्युपिड या डेटिंग साइटवरच्या सुमारे ७०,००० जणांची माहिती प्रोग्रामने गोळा करून, वापरनावांसकट, खुली ठेवली. समर्थन हेच की ती आधीच सार्वजनिक होती. पण वेगवेगळ्या ७०,००० पानांवर पसरलेली माहिती आणि लैंगिक कलानुसार चाळता येईल असा एकच तक्ता, या दोन गोष्टी एक नाहीत. गठ्ठ्याने आणण्याची सोय नेमकी हाच फरक पुसते.

मराठी मजकूर आणणाऱ्यांच्या तक्रारी आणखी निराळ्या. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली की देवनागरीच्या जागी भलतीच रोमन चिन्हं दिसतात, आणि ‘टूलला मराठी येत नाही’ असा निकाल लागतो. मजकूर धड असतो; फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ची खूण नसल्यामुळे एक्सेल तो चुकीचा वाचतो. जेसन (JSON) फाइलमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी बॅकस्लॅश, यू आणि चार चिन्हं दिसली तर तेही नुकसान नाही. पायथन मूळ सेटिंगमध्ये तसंच लिहितो, आणि परत वाचताना अक्षरं जशीच्या तशी येतात.

खरं नुकसान दिसत नाही अशा जागी आहे. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ हे पडद्यावर एकच शब्द, पण संगणकासाठी दोन. एकात ऱ हे अक्षर आणि हलंत आहे, दुसऱ्यात र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कुठल्या कळफलकावर टाइप केलं त्यावर ते ठरतं, आणि युनिकोडच्या ठरावीक सामान्यीकरणाने हे दोन एक होत नाहीत. ते बदलणारी ओळ स्वतःच लिहावी लागते. ती न लिहिता शोध घेतला तर तिसऱ्या, चौथऱ्यावर, वाऱ्यावर, शेतकऱ्यांचा अशा सगळ्या शब्दांच्या मोजणीतून एक हिस्सा गळतो. ज्याने शोधलं त्याला बाकीचा मिळालेला असतो, म्हणून संशयही येत नाही. त्यात ऑनलाइन मराठीतलं बरंच लिखाण रोमन लिपीत होतं, आणि ‘कसा आहेस’ हे जितकी माणसं तितक्या स्पेलिंगांत. देवनागरीची चाळण लावून आणलेल्या गठ्ठ्यात ती माणसं नसतातच.