श्रुतिमापन, श्रुतिपेटी आणि व्हायोलिन

यंत्राच्या प्रवेशाने संगीत बदलते, हे आज सर्वमान्य आहे. परंतु यंत्राला नेमके काय बदलता येते, हा प्रश्न सांगली-मिरज परिसरात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी प्रयोगाच्या रूपाने उपस्थित झाला होता.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे स्वर ताणलेल्या तारेशी ताडून पाहिले व १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. तारेची लांबी मोजून स्वराचे प्रमाण ठरवावयाचे, ही त्यांची रीत होती. पुढे न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने लंडनमध्ये श्रुतिपेटी तयार करविण्यात आली. १९१६ च्या बडोदे परिषदेत मात्र तिला मान्यता मिळाली नाही.

वादाचे मर्म व्हायोलिनच्या तारेवर स्पष्ट होते. मोकळी तार ३३० मिलिमीटर धरली, तर ५:४ या प्रमाणाचा गांधार वाजविताना तारेचा २६४ मिलिमीटर भाग कंप पावतो. समविभागी सप्तकाच्या गांधारास सुमारे २६२, तर एकावर एक चार पंचम घेऊन येणाऱ्या ८१:६४ च्या गांधारास सुमारे २६१ मिलिमीटर लागतात. तिन्ही गांधार अशा रीतीने सव्वातीन मिलिमीटरांत सामावतात. व्हायोलिनला पडदे नसल्यामुळे ही निवड वादनाच्या क्षणी बोट करते. पेटीत ती कारागिराने आधीच केलेली असते. श्रुतिपेटीने स्वरांची संख्या वाढविली, पण दोन स्वरांमधील मींड तिला साधली नाही. ख्यालगायक व व्हायोलिनवादक गजाननराव जोशी (१९११–१९८७) यांच्यासारख्यांना गायकी अंग तारेवर आणता आले, त्याचे एक कारण हेच होय.

१९६३ मध्ये जैराजभॉय व स्टोन यांनी प्रसिद्ध केलेल्या मापनांतही गांधाराची उंची कलावंतागणिक बदलत असल्याचे आढळले. म्हणून देवलांचे श्रम व्यर्थ ठरत नाहीत. कानाने जाणलेला सूक्ष्म भेद मोजता येतो, हे त्यांनी दाखविले. अडचण उद्भवली ती एका गायकाच्या स्वरांचे मापन सर्वांसाठी नियम मानल्यामुळे.

आज संगणक संपूर्ण मींडेची वक्ररेषा काढून देतो. तिची सरासरी काढून तिलाच ‘श्रुती’ म्हणणे, हा जुना प्रमाद नव्या साधनाने करण्यासारखे होईल. राग, स्वरसंगती आणि कलावंत यांची नोंद प्रत्येक आकड्यासोबत ठेवणे, हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.