शिंगाची मूठ, फुलांच्या माळा आणि कोलांट्या

माणसं स्वखुशीनं, नियम पाळून एकमेकांचा मार खातात आणि त्यातून आनंदानं बाहेर पडतात, याचं मला फार वर्षांपासून कुतूहल आहे. अमेरिकेत बर्कली इथे 1966 साली एका घराच्या मागच्या अंगणात काही तरुणांनी मध्ययुगीन सरदारांसारखी झुंज लावली. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेचे सभासद आज अंगावर खरं चिलखत चढवून वेताच्या तलवारींनी लढतात. त्यांचा एक नियम मला फार आवडतो. बसलेला घाव जीवघेणा होता की नव्हता, हे पंच ठरवत नाही. ज्याला तो बसला, त्यानंच कबूल करायचं आणि खाली पडायचं. त्या खेळातली सगळी प्रतिष्ठा या कबुलीत आहे.

असं काही आपल्याकडे आहे का, याचा शोध घेत गेलो तेव्हा जे सापडलं त्यात चिलखत नव्हतं. एक लंगोट, तुळतुळीत डोकं आणि उजव्या मुठीत म्हशीच्या शिंगाचं हत्यार, एवढाच सरंजाम होता. हा म्हैसूरचा ‘वज्रमुष्टी काळग’.

म्हैसूरहून नंजनगूडकडे निघालं की वाटेत कडकोळ लागतं. चामराजनगरची रेल्वेही तिथूनच जाते. आज कडकोळची ओळख कारखान्यांमुळे आहे. पण विजयादशमीला वज्रमुष्टी खेळणारे जे जेट्टी, म्हणजे पिढीजात मल्ल, म्हैसूरला येतात, त्यांतल्या चामराजनगरकरांची ही वाट. बाकीचे म्हैसूरचे स्थानिक, बंगळूरचे आणि चन्नपट्टणचे. जगाचं लक्ष दुपारच्या हत्तीकडे आणि सोन्याच्या अंबारीकडे असतं. त्याआधी राजवाड्याच्या चौकात, तांबड्या मातीच्या हौद्यात, वाडियार घराण्याच्या वारसासमोर जोड्या सोडल्या जातात. घाव फक्त डोक्यावर घालायचा. रक्ताचा पहिला थेंब दिसला की झुंज थांबली. कित्येकदा सगळं मिनिटभरातच आटोपतं. ते झाल्यावरच पुढचं शमीपूजन.

या खेळाची वंशावळ लांबलचक आहे, त्यातले दोनच टप्पे सांगतो. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ आपण ओळखतो तो त्यातल्या जुन्या मराठी ओळींमुळे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी त्याचा पहिला खंड 1925 साली छापला. सुमारे 1129 सालच्या या ग्रंथात राजाच्या करमणुकीची प्रकरणं आहेत आणि त्यांत एक मल्लविनोद आहे. त्यात मल्लांच्या प्रती लावल्या आहेत : ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक, गोवल. यातल्या ‘ज्येष्ठिक’शीच ‘जेट्टी’ हे नाव जुळतं. दुसरा टप्पा विजयनगरचा. फर्नाव नूनिश हा पोर्तुगीज 1535च्या सुमारास तिथे होता. महानवमीच्या उत्सवातले मल्ल हातात टोकदार कडी घेऊन एकमेकांना जखमी करतात, असं तो लिहितो. पुढे त्यानं नोंदवलेली गोष्ट मी पुनःपुन्हा वाचली : राजाकडचं रेशमी वस्त्र मिळे ते ज्याला सर्वांत जास्त जखमा झाल्या त्याला. अंगणातल्या त्या अमेरिकन तरुणांना ही रीत लगेच कळली असती. घाव सोसण्याचा मान मोठा, हे दोन्हीकडे सारखंच.

विजयनगर मोडलं, आणि 1610 साली राजा वाडियारनं श्रीरंगपट्टणला दसरा सुरू केला. इथून पुढे मात्र थांबायला हवं, कारण इथे दोन कागद हाती येतात आणि ते एकमेकांशी भांडतात.

पहिला कागद जेम्स स्करीचा. हा इंग्रज पोरगा ‘हॅनिबल’ जहाजावर होता. 1782 साली फ्रेंचांनी ते जहाज पकडलं आणि कैदी हैदरअलीच्या हवाली केले. स्करीची तरुणपणाची वर्षं हैदर आणि टिपूच्या कैदेत गेली. त्याची हकिकत 1824 साली लंडनमध्ये पुस्तकरूपानं निघाली. तो सांगतो : जेट्टी आपल्या वस्तादांच्या मागून येत, जमिनीला हात लावून मुजरे करत, एका तालमीची जोड दुसऱ्या तालमीशी लावली जाई. डोकी भादरलेली, अंगाला तेल, उजव्या हाताच्या बोटांवर पोलादाची चार नखं. टिपूनं खूण केली की गळ्यातल्या माळांची फुलं ते एकमेकांच्या तोंडावर फेकत आणि भिडत. हातपाय मोडत. कुणी मागेपुढे केलं, तर प्रत्येकाच्या पाठीशी दोन दणकट माणसं हत्यारं घेऊन उभीच असत. थांबायचं कधी, हे टिपू ठरवी. चांगला लढला त्याला पागोटं आणि शाल.

दुसरा कागद मार्क विल्क्सचा. टिपू 1799 साली पडला, पाच वर्षांचे मुम्मडी कृष्णराज वाडियार गादीवर बसले, आणि त्यानंतर काही वर्षं विल्क्स म्हैसूर दरबारात कंपनीचा रेसिडेंट होता. 1810पासून त्याचा दक्षिण हिंदुस्थानाचा इतिहास तीन खंडांत निघाला. त्यातलं जेट्टींचं टिपण मला या विषयातला सर्वांत मोलाचा ऐवज वाटतो. त्याच्या टिपणात हत्यार म्हशीच्या शिंगाचं आहे. चार गाठी बोटांच्या सांध्यांसारख्या, पाचवी करंगळीच्या बाजूला जास्त पुढे आलेली आणि बाकीच्यांशी काटकोनात. हे हत्यार नीट धरलं तर साधा माणूसही एका घावात कवटी फोडेल. पण बोटांत ते अशा जागी बांधलेलं असतं की पूर्ण जोरानं मारलं, तर मारणाऱ्याच्याच बोटांचे सांधे निखळतील.

हे वाचल्यावर मला सगळा खेळ उलगडला. मर्यादा पंचाच्या तोंडी ठेवली तर ती ऐन रंगात विसरली जाते. जेट्टींनी ती बोटांत बांधली. युरोपातल्या सरदारांनी भाल्याच्या टोकाला मुकुटासारखा बोथट तुकडा बसवला, तो याच हेतूनं. तरी 1559 साली फ्रान्सचा दुसरा हेन्री अशाच खेळात फुटलेल्या भाल्याची ढलपी लागून गेला. चिलखतानं शरीर झाकता येतं, पण समोरच्याचा हात आवरता येत नाही. वज्रमुष्टीत शरीर उघडं असतं आणि हात आवरलेला असतो. मला ही दुसरी रचना जास्त शहाणी वाटते.

विल्क्सच्या कागदातही फुलं आहेत, पण स्करीसारखी नाहीत. नावगाव पुकारलं जातं, हस्तिदंती सिंहासनावरच्या राजाला आणि जाळीआडच्या राण्यांना दंडवत होतो, मग मल्ल माळा उतरवून फुलं हळुवारपणे मातीवर पसरतात. रक्त इथेही आहे, डोक्यावरून वाळूपर्यंत ओघळणारं, आणि विल्क्स या खेळाला निर्दयच म्हणतो. पण झुंज हाताबाहेर जाते आहे असं दिसलं की पंच पागोटी आणि वस्त्रं हौद्यात टाकतात, आणि लढत तिथेच संपते. जिंकलेला मल्ल चारपाच कोलांट्या मारत बाहेर पडतो, आपण अजून ताजेतवाने आहोत हे दाखवायला. मल्लांच्या पाच प्रती, विजयाचं बक्षीस म्हणजे वरच्या प्रतीत बढती, आणि म्हातारपणी खेळाचं पंचपद.

कोणाचं खरं मानायचं? स्करी कैदी होता, त्याला टिपूच्या दरबारात काहीच मंगल दिसणं शक्य नव्हतं. विल्क्स विजेत्यांचा अधिकारी, नव्या राजाचा दरबार त्याला सुसंस्कृत दिसायलाच हवा होता. दोघांचा कल उघड आहे. तरी माझं मत असं की दोघांनी पाहिलं ते खरंच पाहिलं. तालमी, वस्ताद, माळा, पागोटं हे दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की थांबायचा अधिकार एकीकडे जाणत्या पंचांकडे आहे, दुसरीकडे तख्तावरच्या माणसाच्या लहरीवर. विल्क्सकडे कोलांट्या आहेत. स्करीकडे त्यांचा उल्लेख नाही.

हा दोष एकट्या टिपूच्या माथी मारता येत नाही, कारण तिसरी साक्ष आपल्याच मराठी दरबाराची आहे. लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी 1860च्या दशकात बडोद्याला खंडेराव गायकवाडांचा पाहुणा होता. तिथे हीच झुंज ‘नखांची कुस्ती’ म्हणून चाले. मल्ल भांगेच्या अमलात, मुठीला शिंगाची नखं बांधलेली, चेहऱ्याच्या चिंध्या होईपर्यंत लढाई. जिंकणाऱ्याच्या गळ्यात मोत्यांचा कंठा आणि अंगावर भरजरी वस्त्रं. एका झुंजीच्या वेळी तर रूसलेला ते पाहवेना आणि तो उठून निघून गेला. खंडेरावांची मल्लविद्येवरची माया खरी होती, बडोद्याच्या आखाड्यांचा लौकिक त्यांच्यामुळे वाढला. पण मल्लाला भांग पाजून हौद्यात सोडलं की त्याचा संयम काढून घेतला जातो, आणि संयमाबरोबर त्याचा आनंदही. त्याच बडोद्यात 1964 साली सांडेसरा आणि मेहता यांनी ज्येष्ठीमल्लांचं ‘मल्लपुराण’ संपादून छापलं. आहार, व्यायाम, डाव यांचा त्यात केवढा विचार आहे! अशी विद्या असलेल्या माणसांना नशेची गरज नव्हती. ती गरज पाहणाऱ्यांची होती.

आता शेवटचा कागद. एडगर थर्स्टननं दक्षिणेतल्या जातिजमातींचा सात खंडांचा ग्रंथ 1909 साली काढला. त्यात जेट्टींची नोंद आहे. ते तेलुगू बोलतात, जानवं घालतात, निखळलेले सांधे बसवण्यात वाकबगार आहेत. आणि तिथेच चार ओळींत तंजावर येतं. तंजावरच्या राजांच्या काळात खजिना आणि जवाहिरखाना यांच्या पहाऱ्यावर जेट्टी असत. राजा वारल्यावर त्यांतले बहुतेक म्हैसूर आणि इतर संस्थानांत निघून गेले, थोडे किल्ल्यात उरले. हे राजे म्हणजे आपले भोसले. शेवटचे शिवाजीराजे 1855 साली निवर्तले आणि कंपनीनं राज्य खालसा केलं. म्हणजे आज म्हैसूरच्या हौद्यात उतरणाऱ्यांपैकी काहींचे पूर्वज मराठी राजाच्या खजिन्याचे पहारेकरी असणं सहज शक्य आहे. मराठीत तंजावरची नाटकं, शिलालेख आणि सरस्वती महाल यांवर भरपूर लिहून झालं. या पहारेकऱ्यांवर लिहिलेलं माझ्या वाचनात काहीही आलेलं नाही.

वज्रमुष्टी बंद करावी असं म्हणणारे आहेत. रक्त पाहून त्यांना वाटणारी घृणा मी समजू शकतो. पण पहिल्या थेंबाला थांबणारी, मारणाऱ्याच्याच बोटांवर वचक ठेवणारी ही झुंज क्रौर्याचा नमुना नव्हे. ते शिस्तीचं शिक्षण आहे. ती टिकायची तर विजयादशमीच्या मिनिटभराच्या तमाशावर टिकणार नाही, बारा महिन्यांच्या तालमीवर टिकेल. त्या तालमींना राजवाड्याचा आणि सरकारचा नियमित आधार हवा.

आपण मराठी वाचकांनीही एक काम हाती घेण्यासारखं आहे. तंजावर दरबाराचे हजारो मोडी कागद तमिळनाडूत आहेत. त्यांत पगाराच्या याद्या असतील, पहाऱ्याच्या नेमणुका असतील, दसऱ्याच्या बक्षिसांचे हिशेब असतील. मोडी वाचता येणाऱ्या तरुण अभ्यासकांनी त्यांत जेट्टींची नावं शोधावीत. थर्स्टनच्या चार ओळींना खरा पुरावा मिळाला, तर तो तिथेच मिळेल.