पहिला नंबर नसलेली शर्यत

“आजोबा, दोन डॉलरचं नाणं आहे का तुमच्याजवळ?”

नातवाने सकाळी सकाळी हात पुढे केला. 2024 चा सप्टेंबर. टोरांटोजवळच्या एका उपनगरात मुलीकडे मी मुक्कामाला होतो. घरात गणपती बसलेले. साहजिकच मला वाटले, स्वारी वर्गणीला निघाली असावी! मुलुख कोणताही असो, भाद्रपद आला की मराठी मुलाच्या अंगात वर्गणी संचारायचीच. मी कौतुकाने विचारले, “कोणतं मंडळ तुमचं?”

“मंडळ नाही हो! टेरीसाठी. शाळेत द्यायचं आहे.”

“हा टेरी कोण?”

चिरंजीवांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की साताऱ्यात कुणी मला ‘शिवाजी महाराज कोण?’ असे विचारले असते, तर मीही त्याच्याकडे तसेच पाहिले असते. नऊ वर्षांचे पोर. पण मग सोफ्यावर मांडी ठोकून त्याने मला ती सगळी हकीकत ऐकवली. तिच्यातला बराचसा भाग मी पुढे वाचून पडताळून पाहिला. एकही गोष्ट त्याने वाढवून सांगितली नव्हती. वाढवायला तिच्यात जागाच नाही!

एका पायाचा धावपटू

टेरी फॉक्सचा जन्म 1958 चा, विनिपेगचा. तो वाढला मात्र कॅनडाच्या पश्चिम टोकाला, पोर्ट कोक्विटलम या गावी. अंगकाठी लहान, पण बास्केटबॉलचे वेड मोठे. 1977 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याचा उजवा गुडघा दुखू लागला. निदान झाले हाडाच्या कॅन्सरचे. गुडघ्याच्या वर वीतभर अंतरावर पाय कापावा लागला.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या शाळेतल्या प्रशिक्षकांनी दिलेल्या एका मासिकात त्याने एक लेख वाचला. डिक ट्रॉम नावाच्या एका पायाच्या माणसाने न्यूयॉर्कची मॅरेथॉन पुरी केली होती, त्याची ती हकीकत होती. त्या लेखाने मनात एक ठिणगी पडली. मग रुग्णालयातील मुक्कामात त्याने इतर रोगी पाहिले, लहान लहान मुले पाहिली. डॉक्टरांनी त्याला सांगितले होते, की नव्या औषधांमुळे त्याची जगण्याची आशा दोनच वर्षांत शेकडा पंधरावरून पन्नासवर आली आहे. पोराने त्यातून साधा हिशेब मांडला : संशोधनाने मी वाचलो, तर संशोधनाला पैसा मिळवून देणे हे माझे देणे लागते!

12 एप्रिल 1980 रोजी कॅनडाच्या पूर्व टोकाला, सेंट जॉन्स येथे, त्याने आपला कृत्रिम पाय अटलांटिक महासागरात बुडवला आणि पश्चिमेकडे धावायला सुरुवात केली. दुसरे टोक म्हणजे पॅसिफिक महासागर. संकल्प रोज जवळजवळ एका मॅरेथॉनचा, म्हणजे बेचाळीस किलोमीटरांचा. सोबतीला डग ऑलवर्ड हा मित्र आणि एक मोटारगाडी; पुढे धाकटा भाऊ डॅरेल येऊन मिळाला. त्या काळचा कृत्रिम पाय धावण्यासाठी घडवलेला नव्हता. म्हणून चांगल्या पायावर दोनदा उडी आणि मग कृत्रिम पायाचे एक पाऊल, अशी त्याची चाल. मांडीचा उरलेला भाग सोलवटून रक्त येई. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे स्वारी पुन्हा रस्त्यावर!

सुरुवातीला बर्फ, वारा, पाऊस आणि ओसाड रस्ते यांवाचून स्वागताला कुणी नव्हते. पण पोर्ट ऑ बास्क नावाच्या एका लहानशा गावाने त्याच्या झोळीत दहा हजार डॉलर टाकले. गावाची वस्तीही दहा हजारांचीच! माणशी एक डॉलर. तिथूनच त्याच्या मनात मोठे गणित आले : कॅनडाची लोकसंख्या दोन कोटी चाळीस लाख, प्रत्येकाने एक डॉलर दिला तर? जुलैत तो टोरांटोला पोचला, तेव्हा चौकात दहा हजार लोक उभे होते.

जाहिरातदारही आले. गाडी, पेट्रोल, बूट यांची मदत त्याने घेतली. पण ‘आमच्या मालाची भलामण कर’ म्हणणाऱ्यांना त्याने वाटेला लावले.

1 सप्टेंबर 1980. थंडर बे या शहराजवळ छातीत कळा येऊ लागल्या. कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. 143 दिवस, 5,373 किलोमीटर. दौड तिथेच थांबली. उरलेले अंतर आम्ही पुरे करतो म्हणून काही जण पुढे आले. त्याने नको म्हटले. बरा झालो तर मीच पुरे करीन! पॅसिफिक काही त्याला गाठता आला नाही. 28 जून 1981 रोजी तो गेला. तेविसावा वाढदिवस एका महिन्यावर आला होता. पण त्यापूर्वी, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, जमलेल्या रकमेने दोन कोटी चाळीस लाखांचा आकडा ओलांडला होता. माणशी एक डॉलर!

वर्गणीचा कागद

तो आजारी असतानाच इसाडोर शार्प या हॉटेलवाल्या गृहस्थाने त्याला तार करून कळवले होते, की तुझ्या नावाने दरवर्षी दौड भरवू आणि तुझे स्वप्न पुरे होईपर्यंत थांबणार नाही. शार्प यांचा स्वतःचा मुलगा कॅन्सरनेच गेला होता. 13 सप्टेंबर 1981 रोजी पहिली दौड झाली. तीन लाख माणसे धावली, चालली. पस्तीस लाख डॉलर जमले. तेव्हापासून सप्टेंबरात गावोगावी ही दौड निघते. पुढे ती कॅनडाबाहेर गेली. आपल्याकडे मुंबई-चेन्नईतही झाली. आजवर जमलेला निधी 85 कोटी डॉलरांच्या वर गेला आहे.

मला नवल वाटले ते तिच्या नियमांचे. प्रवेश फी नाही. इतकेच पैसे आणा अशी अट नाही. घड्याळ लावून कुणी बसत नाही. पहिला नाही, दुसरा नाही, शेवटचाही नाही. धावा, चाला, सायकलवर या, चाकांच्या खुर्चीत बसून या, कुत्र्याला घेऊन या! हवा तर वर्गणीचा एक कागद घ्यायचा आणि आठवडाभर आधी शेजारीपाजारी, कचेरीत फिरवायचा. कुणी पाच देतो, कुणी पन्नास.

आमच्या साताऱ्यातही 2012 पासून यवतेश्वरच्या घाटात मोठी स्पर्धा होते. देशोदेशीचे धावपटू येतात, पायाला वेळ मोजणारी चकती बांधलेली असते. ते पाहायला मलाही आवडते. पण त्या रस्त्यावर माझ्यासारख्या सत्तरीच्या माणसाचे काम काय? टाळ्या वाजवण्याचे! इथे मात्र मुलीने सांगून टाकले, “बाबा, रविवारी तुम्हीसुद्धा यायचं. पाच किलोमीटर. दमलात तर बाकावर बसू.”

मी म्हटले, “अगं, पैसे द्यायचे तर घरबसल्या देऊ. त्यासाठी चालायला कशाला हवं? आपण चाललो म्हणून कुणाचा रोग बरा होणार आहे का?”

“या तर खरं,” ती म्हणाली.

पाठीवरचे नाव

रविवारी सकाळी तळ्याकाठच्या बागेत आम्ही पोचलो. हवेत गारठा होता. मेपलची झाडे अजून हिरवीच, पण एखाद्या फांदीने लाल रंग धरलेला. गवतात बदकांसारखे मोठे हंस निवांत चरत होते. माणसे म्हणाल तर सगळ्या जगातली. पगडीवाले सरदारजी होते, चिनी आजीबाई होत्या, बाबागाडी ढकलणारे बाप होते. काहींच्या अंगात लाल सदरे दिसले. मुलीला विचारले, तर म्हणाली, “ते स्वतः कॅन्सरमधून उठलेले आहेत. तो लाल सदरा त्यांचा मान.”

मी बघतच राहिलो. आपल्याला हा रोग झाला होता, हे माणसे अंगावर घालून मिरवीत होती!

टेबलाशी एका बाईंनी मला चिकटवायचा कागद दिला. ‘मी धावतो आहे ...साठी’ असे इंग्रजीत छापलेले, आणि पुढे जागा कोरी. लोक तिथे नावे लिहीत होते. कुणी ‘आईसाठी’, कुणी ‘माझ्या मास्तरांसाठी’. समोरच्या एका दांडग्या माणसाच्या पाठीवर पाच नावे होती.

मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही नुसतं ‘टेरी’ लिहा. आपल्याकडे कुणाला नव्हता ना, सुदैवानं.”

पेन माझ्या हातात तसेच राहिले.

माझ्या मुलीला ठाऊक होते, की तिचे थोरले काका अठराव्या वर्षी तापाने गेले. मीच सांगितले होते तसे. मला माझ्या वडिलांनी तसे सांगायला शिकवले होते.

1968 साली दादाच्या गुडघ्याला सूज आली. कृष्णाकाठच्या आमच्या गावात जत्रेची शर्यत तीन वर्षे त्याच्याच नावावर होती. आधी लेप झाले, मग हाडवैद्य झाला. मुंबईला नेईपर्यंत चार महिने गेले. परत आला तो एक पाय ठेवून आणि दोन कुबड्या घेऊन. गावात आम्ही सांगितले, झाडावरून पडला, पाय सडला. त्या रोगाचे नाव घरात कुणी उच्चारत नसे. तो पसरतो, घराण्याला लागतो, उद्या बहिणींची लग्ने कशी व्हायची, या भीतीने आईने शेजारणींचे येणेसुद्धा कमी केले होते.

जत्रेच्या दिवशी दादा मला म्हणाला होता, “बाळ्या, माळावर जाऊ. शर्यत संपली की मला एक फेरी मारायची आहे. तू नुसता संगं चल.”

मी चौदा वर्षांचा होतो. सगळे गाव तिथे असणार, माझे सवंगडी असणार, आणि त्यांच्यासमोर कुबड्यांच्या खडखडाटाबरोबर मी चालायचे! मी म्हणालो, “मला अभ्यास आहे.”

दादाने पुन्हा विचारले नाही. पुढच्या चैत्रात तो गेला.

कागदावर मी देवनागरीत लिहिले : ‘माझा दादा’. टेबलावरच्या बाईंनी कुतूहलाने विचारले, काय लिहिले? मी सांगितले, “माय एल्डर ब्रदर. बोन कॅन्सर.” छप्पन्न वर्षांनंतर ते दोन शब्द प्रथमच माझ्या तोंडून मोठ्याने बाहेर पडले, आणि तेही परक्या भाषेत, परक्या बाईपाशी. शेजारी उभी असलेली माझी मुलगी ते ऐकत होती.

तळ्याला फेरी घालता घालता मी तिला सगळे सांगितले. ती रागावली नाही. फक्त एवढेच म्हणाली, “बाबा, डॉक्टरनं मला दोनदा विचारलं होतं, घरात कुणाला होता का म्हणून. मी नाही सांगितलं.” त्या वाक्याने मला जेवढे लागले, तेवढे कुणाच्या रागाने लागले नसते. हा विशिष्ट रोग सहसा पिढीजात नसतो, हे मला आज ठाऊक आहे. पण घरातली खरी गोष्ट डॉक्टरपासून दडवायला लावणारी आमची लाज मात्र पिढीजात होती!

मुंबईत टाटांचे कॅन्सर रुग्णालय 1941 पासून उभे आहे. आमच्या गावापासून ते जेवढे लांब होते, त्याहून आमचे तोंड त्या शब्दापासून लांब होते. आज हाडाच्या कॅन्सरवर औषधे आहेत. वेळेवर आलेल्या कित्येक रोग्यांचा पाय न कापता रोगट हाडाच्या जागी धातूचे हाड बसवता येते. पण ‘वेळेवर’ यायचे तर आधी नाव घ्यावे लागते. चालून कुणाचा रोग बरा होतो का, या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या फेरीत मिळाले. पैशाने संशोधन होते, हे खरेच. पण हजारो माणसे एका सकाळी त्या रोगाचे नाव पाठीवर लावून उघड रस्त्याने चालली, की त्याची लाज सरते. आणि लाज सरली, की माणूस डॉक्टरकडे चार महिने आधी जातो.

पाच किलोमीटरांना मला सव्वा तास लागला. शेवटच्या वळणावर नातू पुढे धावत गेला आणि परत येऊन म्हणाला, “आजोबा, इथं नंबर नसतो, पण असता, तर तुमच्या मागे अजून खूप लोक आहेत!”

परत आल्यावर त्या वर्षीच्या जत्रेला मी गावी गेलो. माळ आता अर्ध्याहून अधिक घरांनी भरला आहे. शर्यत मात्र अजून होते. ती संपल्यावर मी एकटाच फेरी मारायला निघालो. पाचसहा पोरे मागे लागली. “आजोबा, शर्यत संपली की! आता कुठं?”

मी म्हटले, “माझ्या भावाची एक फेरी राहिली होती. त्याला हाडाचा कॅन्सर झाला होता.”

पोरे क्षणभर गप्प झाली. मग त्यांतला एक जण म्हणाला, “चला की मग, आम्हीबी येतो संगं.”