पाण्याखालचा रोबोट वाट कशी शोधतो?

दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ हे पाण्याखाली आपोआप चालणारे वाहन घडवले, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. असा रोबोट बुडी मारतो, मोजमापे घेतो आणि वर येतो. पण खाली असताना आपण नेमके कुठे आहोत, हे त्याला कसे कळते?

जीपीएस तेथे निरुपयोगी, कारण उपग्रहाच्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात शिरताच विरतात. कॅमेऱ्याचेही तेच, पावसाळ्यातली गढूळ मांडवी पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. वेग आणि दिशा यांवरून हिशेब ठेवता येतो, मात्र त्यातली चूक साठत जाते. ध्वनी तेवढा पाण्यात दूरवर पोचतो, सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने.

म्हणून समुद्रतळावर वजन बांधून ध्वनीच्या खुणा सोडतात. हे यंत्र एरवी गप्प असते. रोबोटने हाक दिली की ते आपल्या ठरलेल्या सुरात ओ देते. हाक आणि ओ यांच्या प्रवासाला मिळून दोन सेकंद लागले, तर खूण दीड किलोमीटरवर आहे. खोली पाण्याच्या दाबावरून कळतेच. एका खुणेवरून फक्त एक वर्तुळ मिळते, दोन खुणांवरून दोन शक्य जागा, आणि त्यांतली खरी कोणती ते तिसरी खूण सांगते. डोंगर, माड, दीपगृह यांच्या खुणा धरून होडी हाकणाऱ्या आपल्या मच्छीमारांना यात नवल वाटणार नाही.

खरी अडचण ध्वनीच्या वेगाची. तो तापमान, क्षार आणि दाब यांनुसार बदलतो. आपल्याकडच्या कोमट पाण्यात तो १५४० च्या आसपास असतो. तेथे १५०० धरून चाललो, तर किलोमीटरमागे सुमारे २६ मीटर चुकतात. ग्रांदे बेटाजवळचे प्रवाळ वर्षानुवर्षे तपासायचे असतील, तर २६ मीटर म्हणजे भलतेच प्रवाळ! शिवाय उथळ पाण्यात पृष्ठभाग आणि तळ यांवरून प्रतिध्वनी येतात, खरी ओ कोणती हे ओळखणे अवघड होते. आमच्या मते किनाऱ्यालगतचे काम त्यामुळेच अधिक कसोटीचे.

खुणांची स्वतःची जागाही आधी होडीवरून, जीपीएसच्या मदतीने, मोजून घ्यावी लागते. काम संपल्यावर होडीवरून एक विशिष्ट हाक देतात. मग यंत्र दोर सोडते आणि तरंगत वर येते. वजन तेवढे तळाशी राहते.